जांभळ्या झाकणाची ट्यूब

लातूर किंवा नांदेडच्या डायलिसिस सेंटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. "आमचा ग्रुप तर सेम आहे, मग अजून काय जुळवायचं राहिलं?" बहीण ओ पॉझिटिव्ह, भाऊही ओ पॉझिटिव्ह. बहीण किडनी द्यायला तयार आहे, पैशांची जुळवाजुळव चालू आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं फाइलला लावून झाली आहेत. तरी डॉक्टर सांगतात, आधी टिश्यू टायपिंग करा, क्रॉसमॅच करा, मग तारखेचं बघू. आणि रक्त घेतलं जातं ते वेगवेगळ्या झाकणांच्या ट्यूबमध्ये: जांभळ्या, हिरव्या आणि लाल.

हिरव्या झाकणाची ट्यूब दात्याच्या जिवंत पेशींसाठी असते, लाल झाकणाची रुग्णाच्या सिरमसाठी (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवासाठी), आणि जांभळ्या झाकणाची डीएनएसाठी. जुळणीच्या कामात यातली जांभळी सगळ्यांत उशिरा आली. मोठ्या प्रयोगशाळांपासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या मराठवाड्यासारख्या भागाला तिचा उपयोगही सर्वाधिक झाला. तो कसा, हे कळण्यासाठी आधी जुळवायचं काय असतं ते पाहायला हवं.

रक्तगट तांबड्या पेशींवरून ठरतो आणि त्याचे मुख्य प्रकार चार. शरीरातल्या बाकी जवळजवळ सगळ्या पेशींच्या अंगावर मात्र एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जे काही घडतं त्याचे तुकडे ही प्रथिनं बाहेर धरून दाखवतात. गस्त घालणाऱ्या टी पेशी ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला तर ती पेशी मारली जाते. परक्या माणसाची किडनी शरीरात आली की टी पेशींना तिच्या प्रत्येक पेशीवर अनोळखी एचएलए दिसतं आणि हल्ला सुरू होतो. इतका भेद कशाला, असं वाटेल. पण साथीच्या रोगांपुढे हाच भेद कामी येतो. एकाच्या एचएलएला जो विषाणू धरता येत नाही, तो शेजाऱ्याच्या एचएलएला सापडतो. लाखो वर्षं साथी येत राहिल्या आणि या प्रथिनांचे प्रकार वाढत गेले. लंडनच्या अँथनी नोलन संशोधन संस्थेत 1998 पासून त्यांची जागतिक नोंदवही ठेवली जाते. तिच्यात आज 40 हजारांहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत.

ही प्रथिनं बनवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर जवळजवळ बसलेली आहेत. जुळणीसाठी ए, बी, सी, डीआर, डीक्यू आणि डीपी ही नावं महत्त्वाची. ती एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. अशा एका सराला हॅप्लोटाइप म्हणतात. प्रत्येकाकडे दोन सर, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यामुळे आईवडील आणि मूल साधारणपणे निम्मे जुळतात. भावंडांचा हिशेब वेगळा: पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, निम्मं जुळण्याची चारात दोन, आणि काहीच न जुळण्याची चारात एक. सख्खा भाऊ असूनही एकही सर सारखा नसणं हे कुटुंबांना पटवून देताना समुपदेशकांची सगळ्यांत जास्त दमछाक होते. "एकाच आईची लेकरं, मग असं कसं?" या प्रश्नाला गणिताशिवाय उत्तर नाही.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण या गणिताला वळसा घालूनच झालं. बोस्टनमध्ये 23 डिसेंबर 1954 रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघं एकाच गर्भातून दुभंगलेले जुळे आहेत ना, याची खात्री करायला त्या काळी एचएलए चाचणी नव्हती. डॉक्टरांनी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून तो टिकतो का ते पाहिलं, शिवाय दोघांच्या बोटांचे ठसेही घेतले. ज्याला जुळा भाऊ नाही त्याचं काय, हा प्रश्न तसाच उरला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1965 मध्ये भारतातलं पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं तेव्हाही तो पुरता सुटलेला नव्हता.

उत्तराचा धागा सापडला तो 1958 च्या सुमाराला, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. पॅरिसमध्ये ज्याँ दोसे यांना पुष्कळ वेळा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सिरममध्ये अशी प्रतिपिंडं दिसली, जी काही माणसांच्या पांढऱ्या पेशींना चिकटत होती आणि काहींच्या नाही. हॉलंडमध्ये योन व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना तशीच प्रतिपिंडं बाळंतिणींच्या रक्तात मिळाली. पोटातल्या बाळाच्या अंगावर निम्मं एचएलए वडिलांचं असतं. आईचं शरीर ते ओळखतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. बाळाला त्याची सहसा इजा होत नाही, पण प्रयोगशाळेला मोठं भांडार मिळालं. जगभरातल्या टिश्यू टायपिंगच्या प्रयोगशाळा पुढची तीस वर्षं लेकुरवाळ्या बायकांच्या सिरमवर चालल्या. या उपकाराची नोंद वैद्यकाच्या इतिहासात जितकी ठळक हवी तितकी झालेली नाही. दोसे यांना 1980 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभं राहिलं त्या बायकांची नावं कुठेही नाहीत.

लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी 1964 मध्ये या चाचणीला सुटसुटीत रूप दिलं. छोट्या प्लॅस्टिकच्या थाळीवर बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात वेगळ्या सिरमचा एक मायक्रोलिटर थेंब, त्यात तपासायच्या माणसाच्या लिम्फोसाइट नावाच्या जिवंत पांढऱ्या पेशी, वर सशाच्या रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं आणि शेवटी रंग. प्रतिपिंड पेशीला चिकटलं तर कॉम्प्लिमेंटमुळे पेशी मरते आणि रंग शोषते, नाही चिकटलं तर चकचकीत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खळगा पाहत तंत्रज्ञ त्या माणसाचे प्रकार लिहून काढत: ए2, बी7, डीआर4. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. दाता तिचा भाऊ होता. तो काळ याच सिरमच्या चाचण्यांचा.

ही चाचणी हुशारीची होती, पण तिची एक अट मराठवाड्यातल्या रुग्णाला जाचक होती. पेशी जिवंत हव्यात. आज लातूर एक्स्प्रेस रात्री लातूर सोडते आणि सकाळी मुंबईला पोचते, पण ब्रॉडगेजच्या आधी तेवढंही सरळ नव्हतं. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या बराच वर असताना रक्ताची ट्यूब गाडीने पाठवली तर पोचेपर्यंत त्यातल्या कितीतरी पेशी मेलेल्या असणार, आणि मेलेली पेशी सगळ्याच खळग्यांत रंग शोषणार. म्हणजे सगळंच पॉझिटिव्ह, सगळंच निरुपयोगी. बर्फात ठेवावं तर लिम्फोसाइटना गारठाही सोसत नाही. त्यामुळे रक्त पाठवण्याऐवजी माणसांनाच जावं लागे. रुग्ण, आई, वडील, दोन भाऊ, एक बहीण असा सगळा गोतावळा मुंबईला नाहीतर हैदराबादला. त्यातला कोणी जुळला नाही तर तो खर्च, ती बुडालेली मजुरी आणि तो प्रवास वाया. ल्युकेमियाच्या रुग्णाची अडचण आणखी वेगळी. केमोथेरपीनंतर रक्तात पुरेशा पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, तर तपासणार काय?

पीसीआर या तंत्राने ही अट काढून टाकली. कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचलेल्या या पद्धतीत डीएनएचा हवा तेवढाच तुकडा निवडून त्याच्या लाखो प्रती करता येतात. 1986 मध्ये त्यांच्याच कंपनीतल्या रँडल सायकी, हेन्री एर्लिक आणि सहकाऱ्यांनी ते तंत्र एचएलएच्या डीक्यू जनुकावर वापरून दाखवलं. पेशीच्या अंगावरचं प्रथिन पाहण्याऐवजी ते प्रथिन ज्या मजकुरातून बनतं तो मजकूरच वाचायचा, असा हा बदल होता. डीएनएला पेशी जिवंत असण्याची गरज नाही. कुरियरच्या डब्यात तीन दिवस राहिलेल्या रक्तातूनही तो निघतो, गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीतूनही निघतो.

जांभळं झाकण इथे येतं. त्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. ते रक्त गोठू देत नाही आणि डीएनएची नासधूस करणाऱ्या विकरांना लागणारे धातूचे आयनही पकडून ठेवतं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधल्या हेपॅरिनमुळे रक्त पातळ राहतं खरं, पण हेपॅरिन पीसीआरचं काम अडवतं. गावाकडच्या एखाद्या लॅबमध्ये घाईत झाकण बदललं की पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन येतो, नमुना पुन्हा पाठवा. प्रयोगशाळेत पोचलेल्या दोन-तीन मिलिलिटर रक्तातल्या तांबड्या पेशी आधी फोडून धुऊन टाकतात, कारण त्यांच्यात केंद्रक नसतो आणि हिमोग्लोबिनही पीसीआरला त्रास देतं. पांढऱ्या पेशी प्रोटिनेज के नावाच्या विकराने विरघळवतात. उरलेलं मिश्रण सिलिकाच्या छोट्या गाळणीतून जातं, डीएनए गाळणीला धरून राहतो, अल्कोहोलने धुतला जातो आणि शेवटी थोड्या द्रावणात सोडवून घेतला जातो. एका थेंबावर प्रकाश टाकून तो किती आणि किती शुद्ध आहे ते मोजतात. 260 आणि 280 नॅनोमीटरच्या आकड्यांचं गुणोत्तर 1.8 च्या आसपास आलं की तंत्रज्ञ पुढे जातो.

पुढचं काम तीन-चार प्रकारे होतं. स्वीडनच्या ओले ओलेरुप आणि हेनरिक झेटरक्विस्ट यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली एसएसपी पद्धत समजायला सगळ्यांत सोपी. खळग्यांच्या थाळीत प्रत्येक खळग्यात प्रायमर नावाच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची वेगळी जोडी असते, आणि ती जोडी ठरावीक प्रकारच्या डीएनएलाच चिकटते. चिकटली तर प्रती बनतात, नाहीतर नाही. मग सगळे खळगे जेलवर चालवून अतिनील प्रकाशात पाहायचे. प्रत्येक ओळीत एक पट्टी दिसायलाच हवी. ती नियंत्रणाची, सगळ्या माणसांत असणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाची. ती नसेल तर तो खळगा फसला. तिच्या जोडीला दुसरी पट्टी दिसली तर तो एचएलए प्रकार त्या माणसात आहे. डीआरचं टायपिंग यामुळे दोन तासांत होऊ लागलं. मेंदूमृत दात्याची किडनी बर्फात वाट पाहत असताना दोन तास म्हणजे फार मोठी सवलत.

एसएसओ पद्धतीत उलट चालतं. आधी जनुकाच्या प्रती करून घ्यायच्या आणि मग त्या वेगवेगळ्या रंगछटांच्या अतिसूक्ष्म मण्यांवर सोडायच्या. प्रत्येक छटेच्या मण्यावर वेगळा शोधक तुकडा लावलेला असतो. लेझरखालून मणी एकेक करून जातात, यंत्र आधी मण्याची छटा ओळखतं आणि मग त्यावर काही चिकटलंय का ते. किडनीच्या कामासाठी भारतातल्या अनेक प्रयोगशाळांत ही पद्धत चालते, कारण एका फेरीत पुष्कळ नमुने उरकतात. थेट अक्षर न् अक्षर वाचायचं असेल तर सिक्वेन्सिंग. जुन्या सँगर पद्धतीत आईकडचा आणि वडिलांकडचा असे दोन्ही मजकूर एकदम वाचले जात, त्यामुळे कोणतं अक्षर कोणत्या सरातलं हे कधीकधी ठरत नसे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्या नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगमध्ये प्रत्येक धागा सुटा वाचला जातो आणि ही कोंडी फुटते.

डीएनए वाचू लागल्यावर पहिली गोष्ट उघडी पडली ती जुन्या चाचणीच्या चुकांची. जर्मनीत हायडेलबर्ग इथे गेरहार्ड ओपेल्झ यांच्या गटाने 1990 च्या सुमाराला सिरमने ठरवलेले डीआर प्रकार डीएनएने पुन्हा तपासले, तर साधारण चौथ्या हिश्श्यात फरक निघाला. ज्या किडन्या डीएनएच्या कसोटीवरही जुळल्या त्या जास्त टिकल्या होत्या. दुसरी गोष्ट भारतीयांसाठी अधिक महत्त्वाची. सिरमच्या चाचणीला जो नुसता ए2 दिसतो, त्याच्या पोटात शेकडो उपप्रकार आहेत. युरोपीय माणसात ए2 म्हणजे बहुतेक वेळा ए*02:01. भारतीयांत मात्र ए*02:11 मोठ्या प्रमाणात सापडतो, शिवाय 02:03 आणि 02:06 आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. नरिंदर मेहरा यांच्या गटाने हे चित्र पुढे आणलं. परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत डॉ. शंकरकुमार आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या मराठा, भिल्ल, पारशी अशा समूहांचे एचएलए प्रकार तपासले. सबंध सरांच्या बाबतीतही असंच. युरोपात ए1-बी8-डीआर3 हा सर नेहमीचा, भारतात बी8-डीआर3 च्या जोडीला ए26 येतो. म्हणून परदेशातल्या नोंदवहीत लाखो नावं असली तरी मराठवाड्यातल्या मुलाला त्यात जोडीदार सापडेलच असं नाही.

किडनी आणि बोन मॅरो यांच्या गरजा वेगळ्या आहेत. टॅक्रोलिमससारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे किडनी अर्धीमुर्धी जुळली तरी वर्षानुवर्षं चालते, पती-पत्नींमधली तर बऱ्याचदा काहीच न जुळताही. बोन मॅरोत मात्र दात्याची सबंध प्रतिकारयंत्रणाच रुग्णाच्या शरीरात जाते. ती जुळली नाही तर नवीन पेशीच रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर आणि यकृतावर उलटतात. म्हणून तिथे प्रत्येक जनुकाचं बारीक वाचन लागतं.

नांदेड जिल्ह्यात हा प्रश्न किनवट-माहूरच्या डोंगरी पट्ट्यात थेट भेटतो. आंध, परधान, गोंड, कोलाम अशा आदिवासी समाजांची ही वस्ती, आणि इथे सिकलसेलचे रुग्ण आहेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्रास कमी होतो, पण आजार मुळातून जाण्यासाठी आज मुख्य रस्ता बोन मॅरो प्रत्यारोपणाचाच, आणि त्यासाठी सर्वांत चांगला दाता म्हणजे पूर्ण जुळणारं सख्खं भावंड. इथे एक हिशेब आईवडिलांना आधीच सांगायला हवा. आईवडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर एकेका भावंडाला आजार नसण्याची शक्यता चारात तीन. एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. सिकलसेलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि एचएलए सहाव्यावर, म्हणून या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. दोन्ही एकत्र साधण्याची शक्यता सोळात तीन. वाहक भावंड दाता म्हणून चालतं, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. "ह्याच्यात पण थोडं आहे" म्हणून चांगला दाता उगाच बाजूला काढला जातो.

थॅलेसेमियाचा हिशेब अगदी असाच. 2017 मध्ये सुरू झालेल्या कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून जुळणारा भाऊ किंवा बहीण असलेल्या मुलांना प्रत्यारोपणासाठी 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणजे पैशाचं दार उघडण्याआधी एचएलएचा रिपोर्ट लागतो, आणि तो जांभळ्या ट्यूबमधून किंवा गालाच्या काडीतून मिळू शकत असल्याने पहिल्या पायरीसाठी सगळ्या कुटुंबाने महानगर गाठण्याचं कारण उरलेलं नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे नात्यातली लग्नं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत इथल्या अनेक समाजांत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राची ही खूण तपशिलाने नोंदली होती. अशा लग्नातून जन्मलेल्या मुलांत थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतातच. एचएलएच्या दृष्टीने मात्र याच गोष्टीचा उलटा उपयोग होऊ शकतो. नवऱ्याची आई आणि बायकोचे वडील ही सख्खी भावंडं. आजी-आजोबांकडच्या चार सरांपैकी एकच सर या नवरा-बायकोकडे दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता चारात एक. तसं झालं असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाचं आई किंवा वडिलांशी पूर्ण जुळण्याची शक्यता निम्मी. दोन्ही मिळून आठात एक. परक्या घरांत झालेल्या लग्नात ही शक्यता जवळजवळ शून्य असते. म्हणून अशा कुटुंबात भावंड जुळलं नाही म्हणून फाइल बंद करू नये. आई, वडील, काका, आत्या, मावशी, चुलत-मामे भावंडं यांचेही नमुने घ्यावेत. सौदी अरेबिया आणि जॉर्डनसारख्या देशांत, जिथे नात्यातली लग्नं पुष्कळ होतात, तिथल्या केंद्रांनी असा विस्तारित शोध घेऊन दाते मिळवले आहेत. लातूर-नांदेडच्या समुपदेशकांच्या फॉर्मवर "आईवडील एकमेकांचे नात्यातले का?" हा प्रश्न जुळणीच्या रकान्यात असायला हवा. तो केवळ आजाराच्या कारणांत विचारून भागत नाही.

आता राहिली हिरवी आणि लाल ट्यूब. डीएनएने एवढं सगळं वाचल्यावरही त्या लागतातच, आणि त्यामागे फार किंमत मोजून मिळालेला धडा आहे. 1969 मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी 225 किडनी प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. रुग्णाचं सिरम दात्याच्या पेशींवर टाकून पाहिल्यावर पेशी मेल्या, तरी प्रत्यारोपण झालेले 30 रुग्ण होते. त्यातल्या 24 जणांची किडनी लगेच निकामी झाली. जिथे पेशी जिवंत राहिल्या होत्या अशा 195 पैकी फक्त 8 जणांवर ती वेळ आली. यालाच क्रॉसमॅच म्हणतात. डीएनए सांगतो की दात्याकडे काय आहे. रुग्णाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार आहेत का, हे सिरमच सांगू शकतं.

ती प्रतिपिंडं तयार होतात रक्त चढवण्यातून, आधीच्या प्रत्यारोपणातून आणि बाळंतपणांतून. म्हणजे तीन लेकरांची आई जेव्हा स्वतः डायलिसिसवर येते, तेव्हा नवरा किडनी द्यायला तयार झाला तरी त्याच्या एचएलएविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडं असण्याचा धोका मोठा. मुलं द्यायला तयार असली तरी त्यांच्यात वडिलांचा एक सर आहेच. जिच्या बाळंतपणांमुळे टिश्यू टायपिंगचं शास्त्र जन्माला आलं, तिलाच दाता मिळणं अवघड जावं, हे फार बोचणारं आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या आकड्यांनुसार 1995 ते 2021 या काळात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29 हजारांहून अधिक पुरुषांची झाली. घरात बाईच्या आजाराला मिळणारं दुय्यम स्थान हे त्याचं मोठं कारण आहे, पण तिच्या रक्तातली ही अडचणही विसरता येत नाही. 2011 च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात अदलाबदलीच्या दानाला जागा मिळाली. म्हणजे एका जोडप्यातला नवरा दुसऱ्या घरच्या रुग्णाला किडनी देतो आणि त्या घरातला दाता या बाईला. त्यासाठी अनेक जोड्यांचे डीएनए रिपोर्ट एका यादीत हवेत.

मेंदूमृत दात्याच्या वेळी घड्याळ सुरू झालेलं असतं. मराठवाड्याने हे 2016 मध्ये जवळून पाहिलं. जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादहून हृदय विमानाने मुंबईला गेलं आणि त्याच वर्षी नांदेडच्या रस्त्यांवरही ग्रीन कॉरिडॉर झाला. हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, किडनीला थोडी अधिक सवड असते. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत किडनीचा क्रम रक्तगट आणि डायलिसिसवर काढलेला काळ अशा गोष्टींवर ठरतो, एचएलएच्या पूर्ण जुळणीसाठी थांबून राहत नाहीत. पण क्रॉसमॅच करतातच, आणि त्यासाठी दात्याच्या जिवंत पेशी आणि यादीतल्या रुग्णाचं सिरम एकाच टेबलावर यावं लागतं. जांभळ्या ट्यूबने मिटवलेलं अंतर इथे पुन्हा आडवं येतं. त्यावर तोडगा आहे. यादीतल्या प्रत्येक रुग्णाचं सिरम ठरावीक महिन्यांनी प्रयोगशाळेत जमा ठेवायचं, त्यातली प्रतिपिंडं मण्यांच्या चाचणीने आधीच ओळखून ठेवायची, आणि दात्याचा डीएनए रिपोर्ट आला की कोणाला धोका आहे ते संगणकावरच पडताळायचं. याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. नांदेडचा रुग्ण सिरम द्यायला वेळेवर गेला नाही तर मात्र नेमक्या रात्री त्याचं नाव मागे पडू शकतं. दर काही महिन्यांनी येणारी ती तारीख चुकवू नये, एवढं तरी प्रत्येक डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

या रिपोर्टांचा आणखी एक वाचक असतो, तो म्हणजे परवानगी देणारी समिती. 1994 च्या कायद्याने जवळच्या नातेवाइकाला दान सोपं ठेवलं. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि पती-पत्नी, आणि 2011 पासून आजी-आजोबा व नातवंडंही. नातं कागदांवरून नीट सिद्ध होत नसेल तर एचएलए आणि डीएनए चाचणीचा आधार घेता येतो. आई-मुलामध्ये एक सबंध सर सारखा दिसलाच पाहिजे. तो दिसला नाही तर नात्यावर प्रश्न उभा राहतो. किडनीच्या बेकायदा व्यवहारांना आळा घालण्यात याचा उपयोग झाला आहे. पण हीच चाचणी एखाद्या घरात कधीच न बोललेली गोष्टही उघड करू शकते. म्हणून रिपोर्ट आधी डॉक्टर आणि समुपदेशकाकडे जावा, आणि कुटुंबाला तो बोलावून, बसवून, समजावून सांगितला जावा.

भावंडं जुळली नाहीत, नात्यात कोणी निघालं नाही, की बोन मॅरोच्या रुग्णासाठी पुढचे दोन रस्ते. एक, निम्म्या जुळणाऱ्या आईवडिलांकडून प्रत्यारोपण. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची पद्धत बसवली, त्यानंतर हा रस्ता पुष्कळ रुंदावला आणि भारतातली केंद्रंही तो वापरतात. दुसरा, अनोळखी दात्यांची नोंदवही. जगभरातल्या नोंदवह्यांत मिळून 4 कोटींहून अधिक नावं आहेत. चेन्नईत 2009 मध्ये सुरू झालेली दात्री ही देशातली मोठी नोंदवही, तरी एवढ्या मोठ्या देशाची नोंद अजून लाखांतच मोजावी लागते. त्यातले बहुसंख्य शहरांतले आयटी कंपन्यांतले आणि कॉलेजांतले तरुण. किनवटचा आंध मुलगा, उदगीरचा लिंगायत, कंधारचा मराठा, देगलूरचा मुस्लिम यांचे सर त्या यादीत किती असतील? ज्या समाजाची माणसं यादीत नाहीत, त्या समाजाच्या आजारी लेकराला ती यादी उपयोगी पडत नाही. लातूरच्या कोचिंग क्लासेसमध्ये दरवर्षी हजारो मुलंमुली मेडिकलच्या प्रवेशासाठी राबतात. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांच्या गालावरून दोन काड्या फिरवायला तिथे दोन मिनिटं लागतील. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही तसंच.

नाव नोंदवणं सोपं, टिकवणं अवघड. बहुतेकांना आयुष्यात कधीच फोन येत नाही. आलाच तर तो पाच-सात वर्षांनी येतो, तोवर मुलगा चाकणच्या कारखान्यात कामाला लागलेला असतो आणि सिम बदललेलं असतं. फोन लागला तरी घरची माणसं घाबरतात, मणक्यातून काही काढून घेतील अशी भीती असते. प्रत्यक्षात बहुतेक दात्यांना चार-पाच दिवस एक इंजेक्शन देतात, त्याने मूळपेशी मॅरोतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, लागणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-सहा तासांचं काम, भूल नाही, टाका नाही. अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. काढलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढतं. नोंदणीच्या शिबिरात हे आईवडिलांसमोर सांगितलं आणि फॉर्मवर मुलाच्या नंबरासोबत घरचे दोन नंबर लिहून घेतले, तर फोन लागण्याची आणि होकार टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.